नवीन टर्की चोक शिकारीआधी कसा तयार करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेनसिल्व्हेनियात राहता, १२ गेजच्या (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) पंप शॉटगनसाठी एक्स्ट्रा फुल टर्की चोक, म्हणजे नळीच्या टोकात बसवायचं, छर्ऱ्यांचा मारा एकवटणारं अरुंद नळकांडं घेतलंय, आणि टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीचा वसंतातला हंगाम तोंडावर आलाय. चोकला आधी 'ब्रेक-इन' (काही गोळ्या झाडून रुळवणं) लागतं का, आणि नेमकी तयारी काय करायची?

ब्रेक-इन वगैरे काही लागत नाही. चोक साफ करून बसवायला दहा मिनिटं पुरतात. खरा वेळ, आणि खरे पैसे, जातात ते कागदावर गोळ्या झाडून बघण्यात.

आधी ती दहा मिनिटं. बंदूक रिकामी आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्हीने तपासा. नवीन चोकवर कारखान्यातलं तेल असतं, ते सॉल्व्हंट लावलेल्या चिंधीने आतबाहेर पुसून काढा. आटे जुन्या टूथब्रशने घासा, नळीच्या आतले आटेही. मग चोकच्या आट्यांना ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा. जास्त लावलंत तर ते नळीत उतरतं आणि त्यावर काडतुसातली जळकी दारू चिकटून बसते. चोक हाताने फिरवत न्या. दोन-तीन आट्यांतच अडला तर जोर लावू नका, चुकीच्या बंदुकीचा चोक असू शकतो. रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग ५०० यांचे आटे वेगळे आहेत. मॉसबर्ग ८३५ची नळी तर आतून जवळपास १० गेजइतकी रुंद असते (गेजचा आकडा लहान, तितकी नळी रुंद), त्यामुळे तिचा चोक पूर्ण निराळा. पानाने शेवटी थोडंसं आवळा, बस्स.

यानंतरची एक गोष्ट बरेच जण टाळतात. पंप बंदुकीची नळी सहज सुटी होते, ती काढून मागच्या बाजूने उजेडाकडे धरून बघा. चोकची आतली कड नळीच्या भिंतीमागे लपलेली हवी. एका बाजूला जरी कडेची चंद्रकोर पुढे आलेली दिसली तरी तो चोक परत करा. छर्ऱ्यांचा भार त्या कडेवर आदळला तर चोकही जातो आणि नळीही. चोकवर 'स्टील चालणार नाही' असं कोरलंय का, तेही वाचा. टर्कीच्या बहुतेक घट्ट चोकमधून स्टीलचे छर्रे मारायचे नसतात.

आता कागद. १२ गेजच्या नळीचा आतला व्यास साधारण ०.७२९ इंच. फुल चोक तो ०.६९५च्या आसपास आणतो, टर्कीचे चोक ०.६६०-०.६७० पर्यंत आवळतात. पण जितका घट्ट तितका चांगला, असं नसतं. एका काडतुसाला ०.६६५ मानवतो, दुसरं त्याच चोकमधून ठिगळासारखं पसरतं, मधे मोठाली भोकं. म्हणून ज्या काडतुसाने शिकार करणार, त्याच काडतुसाने तपासायचं. पेनसिल्व्हेनियात शिशाचा ४ नंबरपेक्षा मोठा छर्रा चालत नाही (नंबर जितका मोठा, छर्रा तितका बारीक), तेव्हा ४, ५, ६ यांतूनच निवड. टंगस्टनचं टीएसएस शिशापेक्षा बरंच जड असल्यामुळे त्यात ९ नंबरचा बारीक छर्राही पुरतो, पण एका काडतुसाला सहज दहा डॉलर पडतात. मी सुरुवात शिशाच्या ५ नंबरने करायला सांगेन. पावणेदोन औंसात जवळपास तीनशे छर्रे असतात, तेवढे पुष्कळ झाले.

पहिल्या गोळ्या स्वस्त, हलक्या टार्गेट काडतुसांच्या, २० यार्डांवरून, टेबलावर बंदूक टेकवून. त्यातून मारा ढोबळमानाने कुठे जातोय ते कळतं आणि खांदा शाबूत राहतो. मग खरं काडतूस २०, ३० आणि ४० यार्डांवर. कागद निदान तीन फूट चौरस घ्या. गोळी झाडल्यावर नेम धरलेल्या टिंबाभोवती वर्तुळ काढू नका. छर्रे जिथे सर्वांत दाट आहेत तिथे दहा इंचांचं वर्तुळ काढा. त्या वर्तुळाचा मध्य आणि तुमचं टिंब यांतलं अंतर म्हणजे बंदूक किती चुकते ते. वर्तुळातल्या भोकांची संख्या म्हणजे चोक किती चालतो ते. शिकाऱ्यांत रूढ कसोटी आहे शंभर छर्ऱ्यांची. ४० यार्डांवर शंभर भरत नसतील आणि ३२ वर भरत असतील, तर तुमची हद्द ३२. 'साठ यार्डांवरून लोळवला' म्हणणारे रेंजवर भेटतीलच, त्यांना हसून नमस्कार करा.

मारा वर जात असेल तर आधी चोकला दोष देऊ नका. नेम धरायला टोकाला नुसता मणी असलेल्या बंदुकीत गाल दस्त्यावरून जरा उचलला की मारा वरच जातो, आणि या काडतुसांचा धक्का बसला की पुढच्या वेळी गाल आपोआप उचलला जातो. गाल टेकवूनही फरक राहिला, तर रेड डॉट (लाल टिंब दाखवणारं नेमाचं साधन) लावून तो जुळवून घ्या.

२० यार्डांच्या कागदाकडे नीट बघा. तिथे सगळा मारा बशीएवढ्या जागेत येतो, दहा यार्डांवर तर मुठीएवढा. पेनसिल्व्हेनियात वसंतात टर्कीला आवाज काढून बोलावूनच मारायचं असतं, मागावर जायला परवानगी नाही. त्यामुळे नर बऱ्याचदा २५ यार्डांच्या आत येऊन उभा राहतो आणि घट्ट चोकवाल्याचा नेम तिथे साफ हुकतो. पिसारा फुलवलेला असताना त्याची मान आत ओढलेली असते. तो मान ताठ करेपर्यंत थांबा, आणि पिसं संपून उघडी कातडी सुरू होते तिथे नेम धरा.

झाडताना मधूनमधून बंदूक रिकामी करून चोक सैल झाला नाही ना, बघत जा. काडतुसातल्या प्लॅस्टिकचा थर चोकमध्ये साचतो, तो ब्राँझच्या ब्रशने काढा, नाहीतर शेवटचे कागद खोटं बोलतील. कान आणि डोळे झाकायला विसरू नका.

एक वेगळी पण महत्त्वाची गोष्ट. एच-१बीसारख्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे. वैध शिकार परवाना हा त्यातल्या अपवादांपैकी एक. पेनसिल्व्हेनियाचा परवाना ३० जूनला संपतो, म्हणजे हंगाम संपून बंदूक कपाटात पडून असतानाही तारखेकडे लक्ष हवं. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू आहे ते वकिलाला विचारा. आणि चोकही त्याच सुमारास काढून, पुसून, पुन्हा ग्रीस लावून बसवा. मे महिन्याच्या पावसात भिजलेला चोक वर्षभर तसाच राहिला की पाना वाकतो, चोक हलत नाही.