‘वाचाळ’ला बदनाम कोणी केलं?

मालवणजवळच्या एका बालवाडीतल्या बाईंनी विचारलं आहे: वर्गात पाच वर्षांची एक मुलगी आहे, तिला विल्यम्स सिंड्रोम हा जन्मजात जनुकीय विकार आहे. तिच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी कौतुकानं लिहिलं, ‘मुलगी वाचाळ आहे’, आणि आई दुखावली. ‘वाचाळ’ खरंच वाईट शब्द आहे का? असला तर त्याजागी काय लिहावं?

बाई, आईचं बरोबर आहे. आजच्या मराठीत ‘वाचाळ’ कौतुकाचा शब्द नाही. वर्तमानपत्रं रोज कुणा ना कुणाला ‘वाचाळवीर’ ठरवतात, ते काही सत्कारासाठी नव्हे. तरीही तो गौरव म्हणून वापरणारे भेटत राहतात. एका व्याख्यानमालेत पाहुण्यांची ओळख ‘विद्वान आणि वाचाळ वक्ते’ अशी करून दिलेली मी स्वतः ऐकली, आणि उरलेलं व्याख्यान माझ्या डोक्यात शिरलं नाही.

पण हा शब्द जन्मानं वाईट नाही. संस्कृत व्याकरणकार पाणिनीनं दोन सूत्रं शेजारीशेजारी ठेवली आहेत. ‘वाचो ग्मिनिः’ या पहिल्या सूत्रानं ‘वाच्’, म्हणजे वाणी, या शब्दापासून वाग्मी, म्हणजे उत्तम बोलणारा, होतो. लगेच पुढचं सूत्र ‘आलजाटचौ बहुभाषिणि’. बहुभाषी, म्हणजे पुष्कळ बोलणारा, या अर्थी ‘आल’ आणि ‘आट’ असे दोन प्रत्यय लागतात: वाचाल आणि वाचाट. सूत्रात फक्त ‘पुष्कळ’ आहे, निंदेचं अक्षर नाही. निंदा आली ती मागाहून, व्याख्याकारांकडून. ‘कुत्सित इति वक्तव्यम्’, निंदा असेल तेव्हाच हे म्हणावं, अशी पुस्ती त्यांनी जोडली, आणि काशिका ही पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका वर आणखी सांगते की जो नीट आणि पुष्कळ बोलतो तो वाग्मीच. या पुस्तीला ‘सूत्राचा खरा आशय’ म्हणणारे विद्वान आहेत. मला ते मुळीच मान्य नाही. आशय सूत्रातच असता, तर पुस्ती कशाला लागली असती? शिवाय गीतापठणाआधी घरोघरी म्हणतात तो श्लोक घ्या: ‘मूकं करोति वाचालं’. देवाच्या कृपेनं मुका वाचाल होतो. कृपा झाल्यावर माणूस निंद्य बडबड्या होतो, असा अर्थ कोण लावील? तिथे पाणिनीचा वाचाल शाबूत आहे.

प्रत्ययाकडेही दोष जात नाही. मराठीत तो ‘आळ’ होऊन सगळीकडे पसरला आहे. केसाळ, मधाळ, रसाळ. आपण कोकणातली माणसं बरक्या फणसाला रसाळ म्हणतो ते तोंडाला पाणी सुटून, आणि संस्कृतात ‘रसाल’ म्हणजे तर चक्क आंबा. ओढाळ जनावर वाईट ठरतं ते दुसऱ्याच्या शेताकडे ओढ घेतं म्हणून. बिचारा ‘आळ’ त्यात काय करणार? ‘आट’बद्दल माझं मत आणखी पुढे जातं. पिसाट, सुसाट, मोकाट या शब्दांत मला पाणिनीचा तोच ‘आट’ ऐकू येतो. तिन्हींत काहीतरी भरून वाहतं आहे, आवरत नाही. काहीजण ‘सुसाट’ला निव्वळ ध्वन्यनुकारी ठरवून मोकळे होतात. ‘सुसू’ हा वाऱ्याचा आवाज, कबूल. पण पुढचा ‘आट’ कुठून आला, हे त्यांना सांगता येत नाही. वादळात माडांतून वारा शिरताना ज्यानं ऐकला आहे, तो त्याला नुसता ‘सुसू’ म्हणून थांबणार नाही.

आता तुमची मुलगी. सातव्या गुणसूत्राचा पंचवीसेक जनुकांचा छोटा तुकडा जन्मतः नसला की विल्यम्स सिंड्रोम होतो. त्यातलं एक जनुक इलॅस्टिनचं, म्हणून हृदयाजवळची महाधमनी अरुंद असण्याचा त्रास या मुलांत आढळतो. 1961 साली न्यूझीलंडमध्ये विल्यम्स नावाच्या हृदयरोगतज्ज्ञानं याचं वर्णन केलं, तेही हृदयाच्याच वाटेनं. बोलण्याकडे लक्ष बरंच नंतर गेलं. ही मुलं बोलू लागतात उशिरा, पण एकदा बोलू लागली की शब्दसंपत्ती त्यांच्या चित्र काढण्याच्या, ठोकळे जुळवण्याच्या कुवतीच्या खूप पुढे निघून जाते. गोष्ट सांगताना आवाज बदलतात, उद्गार काढतात, ऐकणाऱ्याला सारखं ओढून घेतात. दशावतारातला नट लिखित संहितेशिवाय प्रसंग कसा उभा करतो ते आठवा, म्हणजे त्यातला जीव कळेल. त्याचवेळी वर-खाली, पुढे-मागे अशा जागा दाखवणाऱ्या शब्दांत त्यांची गफलत होते. समोरच्याला काय माहीत आहे, आता बोलायची पाळी कुणाची, हे कळणंही त्यांना जड जातं. एकेकाळी अशा मुलांची बुद्धी मागे राहिली तरी भाषा पूर्ण शाबूत असते, असं मोठमोठे संशोधक म्हणत. पुढच्या अभ्यासांत ते टिकलं नाही.

म्हणून काशिकेच्या अर्थानं ती वाग्मी नव्हे. पण ‘वाचाळ’ही नाही, कारण तो तिच्या बोलण्याला दोष देतो. कुणी ‘पोपटपंची’ सुचवेल, तो शब्द तर हाकलूनच लावा. पोपट ऐकलेलं परत म्हणतो, ही मुलगी स्वतःची वाक्यं जुळवते. डॉक्टरांनीही पूर्वी अशा बोलण्याला ‘कॉकटेल पार्टीतलं बोलणं’, म्हणजे वरवरच्या गप्पा, असं नाव दिलं होतं. व्याख्याकारांनी पाणिनीच्या सूत्राला ‘कुत्सित’ चिकटवलं, तसंच हेही.

तुम्ही ‘बोलकी’ लिहा. तेवढ्यावर थांबू नका, खाली हेही लिहा: ‘गोष्ट रंगवून सांगते. डबा दप्तराच्या आत की बाहेर, हे सांगताना अडते. दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबण्याचा सराव चालू आहे.’ पुढच्या वर्षीच्या बाईंना याचा उपयोग होईल. आणि आईला प्रगतिपुस्तक देताना जुन्या शब्दावर काट मारू नका, पान नवीन घ्या.