नाट्यगृहाची वेबसाइट अंध-अपंग प्रेक्षकांना वापरता यावी म्हणून नेमकं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गावातल्या नाट्यगृहाची वेबसाइट नव्याने करायचं काम तुमच्याकडे आलंय, संस्थेने 'दिव्यांगांसाठी सोयीची करा' एवढंच सांगितलंय आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. मी जन्मांध, त्यात नाटकवेडा, आणि वेबसाइट तपासून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. तेव्हा थोडं लांबणार.

सुरुवात पोस्टरपासून करा. आपल्याकडे नाटकाचं नाव, तारीख, वेळ, दर, सगळं त्या एका चित्रात कोंबलेलं असतं. चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर आम्हा अंधांना बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) आपणहून वाचत नाही. मला ऐकू काय येतं? 'लिंक, ग्राफिक, आयएमजी 20240312 डब्ल्यूए 0007.' व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल तशीच चढवलेली! एका साइटवर अशी सहा पोस्टरं ओळीने होती. सहा आकडे ऐकले, नाटक एकही कळलं नाही. पोस्टर ठेवा, पण त्याच्याखाली हीच माहिती साध्या मजकुरात द्या आणि प्रत्येक नाटकाच्या नावाला हेडिंग करा. एनव्हीडीए नावाच्या मोफत स्क्रीन रीडरमध्ये 'एच' दाबत गेलं की हेडिंगवरून हेडिंगवर उडी मारता येते. डोळस माणूस पान वरवर चाळतो ना, तसंच ते. आणि 'दु. 4.30' ऐवजी 'दुपारी 4.30' लिहा; नुसता 'दु' कानाला विचित्र लागतो.

मजकूर मात्र युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला देवनागरी म्हणूनच कळेल अशा प्रमाण पद्धतीत हवा. महिन्याच्या कार्यक्रमांची पीडीएफ अजूनही जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये केलेली सापडते. डोळ्यांना ते शुद्ध मराठी दिसतं. आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला असतो, आणि माझ्या कानावर तोच येतो. शिवाय पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी नोंदवलीय ना, तेही बघा. आयता साचा उचलला की तिथे इंग्रजी तसंच राहून जातं. मग सगळा मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली होतो आणि काही आवाज देवनागरी आली की चक्क गप्प बसतात.

आता खरी अडचण: खुर्च्यांचा प्लॅन. बुकिंगच्या खिडकीवर कागदी प्लॅन होता तेव्हा मी विचारायचो, 'पुढच्या पाच ओळींत कडेच्या दोन आहेत का?' आतला माणूस पेन्सिलने खूण करून तिकिटं हातात द्यायचा. आता पडद्यावर हिरवे-करडे चौकोन असतात, आणि ते स्क्रीन रीडरला दिसतच नाहीत किंवा नुसतं 'बटण, बटण, बटण' ऐकू येतं. प्रत्येक खुर्ची 'ओळ एफ, खुर्ची 12, 400 रुपये, शिल्लक' अशी बोलली पाहिजे. पण तेवढ्याने भागत नाही. आठशे खुर्च्यांतून टॅब दाबत कोण जाणार? त्याच पानावर दुसरी वाट ठेवा: किती तिकिटं, कोणता दर, पुढे की मागे, कडेला की मध्ये, शेजारच्या खुर्च्या यंत्रणेने निवडाव्यात. खिडकीवरचा तो माणूस हेच तर करायचा. हातात कंप असलेल्यांना आणि घाईत मोबाइलवरून बुकिंग करणाऱ्यांनाही हेच सोपं पडतं.

वेळेच्या मर्यादेने तर मी रडकुंडीला आलोय. खुर्च्या निवडून, नाव भरून, ओटीपीपर्यंत पोचलो की 'वेळ संपली'. असं सलग तीनदा झाल्यावर शेवटी भाचीला फोन लावला. वेळ संपत आल्याचं आधी कळू द्या आणि एका बटणाने वाढवता येऊ द्या. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा तर नकोच.

साइट उघडताच नांदी वाजायला लागते, तीही बंद करा. माझा स्क्रीन रीडर त्याच स्पीकरमधून बोलतो, त्याचा आवाज नांदीखाली बुडतो. (नांदी मला आवडते. पडद्यामागून.)

मी फक्त माझंच रडगाणं गातोय असं नको. माझा एक मित्र व्हीलचेअर वापरतो. 'व्हीलचेअरची सोय आहे' या वाक्यावर त्याचा काडीचा विश्वास नाही. त्याला हवं असतं ते हे: फाटकापासून खुर्चीपर्यंत पायऱ्या किती, रॅम्प कुठल्या दाराला, ते दार उघडं असतं की किल्ली शोधावी लागते, स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी किती सेंटिमीटर, सोबतचा माणूस शेजारी बसू शकतो का. रॅम्प नसेल तर नाही म्हणून लिहा. बहिऱ्या प्रेक्षकांसाठी नुसता फोन नंबर देऊन काय उपयोग? मेसेज करता येईल असा नंबर हवा, झलकेच्या व्हिडिओला मराठी उपशीर्षकं हवीत.

रंगांचं थोडक्यात: भगव्यावर पिवळी अक्षरं नकोत. डब्ल्यूसीएजी या वेबसाइट-सुगमतेच्या जागतिक निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि त्यांच्यामागचा रंग यांच्या उजळपणात किमान 4.5 ला 1 एवढा फरक मागितलाय, तो मोजणारी साधनं फुकट मिळतात.

कुणी 'एक ओळ कोड टाका, साइट सुगम होईल' म्हणून साइटच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह दाखवणारी आयती सोय विकायला आलं तर पैसे वाचवा. असेच दावे केल्याबद्दल 2025 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका कंपनीला 10 लाख डॉलर भरायला लावलेत.

संस्था 'कशाला एवढं' म्हणाली तर कायदा दाखवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये संस्कृती आणि करमणूक स्पष्ट लिहिलीय, आणि 30 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानलाय.

साइट तयार झाली की माउस काढून ठेवा आणि नुसत्या कीबोर्डवर दोन तिकिटं काढून बघा. मग एखाद्या अंध माणसाला मानधन देऊन बोलवा, आणि तो अडेल तेव्हा मध्ये बोलू नका.

शेवटचं, आणि हे बहुतेक जण विसरतात: उद्घाटनाच्या दिवशी साइट छान असते, दोन महिन्यांनी कार्यालयातला माणूस पुन्हा नुसतं पोस्टर चढवतो. त्याचा दोष नाही, त्याला तेवढीच जागा दिलेली असते. म्हणून माहिती भरायचा फॉर्मच असा करा की नाटकाचं नाव, तारीख, वेळ आणि दर टाइप केल्याशिवाय पोस्टर चढणारच नाही.