टार्टचा साचा नाही, रात्रीच्या जेवणाला टोमॅटोचा साधा टार्ट जमंल का?

साचा लागतच नाही भावा, कडा हातानंच आत दुमडायच्या, वाकडातिकडा झाला तरी भारी दिसतो, फ्रेंच लोक याला गॅलेट म्हणतात. 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम फ्रिजमधलं घट्ट बटर, चिमूटभर मीठ, बोटांनी चुरायचं पण बटरचे वाटाण्याएवढे खडे राहू देत, भाजताना ते वितळले की पदर सुटतात, मग 4-5 चमचे गार पाणी, चपातीच्या कणकेसारखं मळत बसू नको, गोळा अर्धा तास फ्रिजात. टोमॅटोच्या चकत्यांना मीठ लावून सुटलेलं पाणी टाकून दे, नाहीतर बूड गिचका होतं. लाटून मधे आपली कांदा-लसूण चटणी, पण थोडीच (मी एकदा लै टाकली, पोरांनी नुसत्या कडा खाल्ल्या), वर चीज, टोमॅटो. 200 डिग्रीवर 35-40 मिनिटं, बूड खरपूस झालं की काढ.