नॉर्वेच्या ‘मंत्री’ की नॉर्वेतल्या ‘वकील’?

एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. फ्लोरेन्स जॅफ्री हॅरिमन या अमेरिकन बाईंवर त्या एक छोटा चरित्रलेख मराठीत आणत आहेत. मूळ इंग्रजी मजकुरात बाईंची सगळी ओळख एका ओळीत दिली आहे. ताईंनी ती अशी उतरवली: ‘समाजात वावरणाऱ्या, मताधिकारवादी, समाजसुधारक आणि १९३७ पासून नॉर्वेच्या मंत्री’. मग त्यांनाच शंका आली. मंत्री म्हणावं की सरळ राजदूत लिहून मोकळं व्हावं? आणि ‘सोशलाइट’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

आधी मंत्री, म्हणजे मूळ इंग्रजीतला ‘मिनिस्टर’, घेऊ, कारण तिथे शब्द चुकला की इतिहासच चुकतो.

‘नॉर्वेच्या मंत्री’ वाचलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ओस्लोच्या मंत्रिमंडळात बसलेली बाई येणार. १९३७ साली तिथे एकही बाई नव्हती. नॉर्वेच्या मंत्रिमंडळात पहिली स्त्री, किर्स्टन हान्स्टेन, १९४५ साली आली. बरं, ‘अमेरिकेच्या मंत्री’ करावं, तर तेही जमत नाही. अमेरिकेत ज्यांना आपण मंत्री म्हणतो ते बहुतेक सगळे तिकडे ‘सेक्रेटरी’ असतात. परराष्ट्रमंत्री म्हणजे सेक्रेटरी ऑफ स्टेट, कामगारमंत्री म्हणजे सेक्रेटरी ऑफ लेबर. १९३३ साली फ्रान्सिस पर्किन्स कामगारमंत्री झाल्या आणि अमेरिकी मंत्रिमंडळातल्या त्या पहिल्या स्त्री. हॅरिमनबाईंना ‘अमेरिकेच्या मंत्री’ म्हटलं तर त्या पर्किन्सबाईंच्या शेजारी जाऊन बसतील. म्हणजे अमेरिकेबद्दल लिहिताना त्यांचा सेक्रेटरी तो आपला मंत्री, आणि त्यांचा मिनिस्टर मात्र आपला मंत्री नव्हे. हे एकदा पक्कं ध्यानात ठेवलं की जुन्या कागदांतले कितीतरी घोटाळे टळतात.

मुळात लॅटिन ‘मिनिस्टर’चा अर्थ सेवक. कुणाच्या तरी कामावर नेमलेला माणूस. त्या अर्थाला पुढे तीन फांद्या फुटल्या: राजाच्या दरबारात काम करणारा, चर्चमध्ये देवाची सेवा करणारा आणि परक्या दरबारी आपल्या धन्याच्या वतीनं राहणारा. आपला ‘मंत्री’ वेगळ्या मुळाचा. मंत्र म्हणजे मसलत, ती देणारा तो मंत्री. हे दोन शब्द फक्त पहिल्या फांदीवर एकमेकांना भेटतात. हॅरिमनबाई तिसऱ्या फांदीवरच्या.

त्यांचा पूर्ण हुद्दा होता ‘एन्व्हॉय एक्स्ट्राऑर्डिनरी अँड मिनिस्टर प्लेनिपोटेन्शियरी’. भारदस्त आहे, पण पोकळ नाही. परक्या देशात पाठवायच्या माणसांच्या पायऱ्या १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत ठरल्या. सगळ्यात वर अँबॅसडर, म्हणजे राजाचं प्रत्यक्ष रूप मानला जाणारा. त्याच्याखाली हे एन्व्हॉय आणि मिनिस्टर. त्यांचं नेमणूकपत्रही यजमान देशाच्या राजाच्या नावेच असे, पण अँबॅसडरचा मान त्यांना नसे. आणखी खाली शार्जे दाफेर, ज्याचं पत्र राजाकडे न जाता परराष्ट्रमंत्र्याकडे जाई. अमेरिकेनं तर १८९३ पर्यंत कुठेच अँबॅसडर नेमला नव्हता. त्या शब्दाला राजेशाहीचा वास येतो, प्रजासत्ताकाला तो शोभत नाही, अशी तिथली भावना होती. आपल्या ‘राजदूत’ या शब्दात तर राजा उघडच बसलेला आहे. तेव्हा अमेरिकनांचा तो संकोच मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

आता मराठीत या दुसऱ्या पायरीला काय म्हणायचं? माझं स्पष्ट मत असं की शब्द आपल्याकडे होता आणि अजूनही अर्धा जिवंत आहे: वकील.

पेशवाईचा पत्रव्यवहार ज्यांनी थोडा जरी चाळला असेल त्यांना हे नवं नाही. दिल्लीला हिंगणे घराणं पेशव्यांचं वकील होतं. निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे वकील होते. हैदराबादहून त्यांनी नाना फडणविसांना लिहिलेली पत्रं इतिहासाच्या अभ्यासकांना तोंडपाठ असतात. उलट दिशेनं, १७८६ पासून पुण्यात राहिलेला चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील. आणि साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला लंडनला गेलेले, १८५३ पर्यंत तिथे झगडत राहिलेले रंगो बापूजी गुप्ते हेही वकीलच. रंगो बापूजींचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं, कारण या शब्दाचे दोन्ही अर्थ त्यांच्या एकाच कामात सापडतात: धन्याचा प्रतिनिधी म्हणून परदेशी राहणं आणि त्याच्या वतीनं न्याय मागणं. मूळ अरबी अर्थच असा आहे, ज्याच्यावर विश्वासानं काम सोपवलं तो. पुढे इंग्रजी न्यायालयं आली आणि शब्द काळ्या कोटात अडकला. पण वकिलात मात्र सुटली. ‘अमेरिकन वकिलातीसमोर निदर्शनं’ असं आपल्या वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं छापलं आणि त्यात कुणालाही कोर्ट दिसलं नाही.

‘प्लेनिपोटेन्शियरी’लाही शब्दकोशातला ‘पूर्णाधिकारी’ लागत नाही. कुलमुखत्यारपत्र हा शब्द जमिनीचा व्यवहार केलेल्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत असतो. ज्याला धन्याच्या वतीनं बोलून सही करायचा अखत्यार आहे तो मुखत्यार. तेव्हा मिनिस्टर प्लेनिपोटेन्शियरी म्हणजे मुखत्यार वकील. नाना फडणविसांच्या दफ्तरातल्या एखाद्या कारकुनाला हा हुद्दा सांगितला असता तर त्यानं पुन्हा विचारलं नसतं.

ताईंचा दुसरा पर्याय राजदूत. सोपा आहे, वाचकाला लगेच कळतो आणि ‘मंत्री’पेक्षा शतपटीनं बरा. तरी मी तो इथे वापरणार नाही. अमेरिकेनं परदेशी वकिलातीची प्रमुख म्हणून पाठवलेली पहिली स्त्री रूथ ब्रायन ओवेन, १९३३ साली डेन्मार्कला. त्यांच्यानंतर दुसऱ्या हॅरिमनबाई. दोघींचाही हुद्दा मिनिस्टरचाच. अँबॅसडरच्या हुद्द्यावर पहिली अमेरिकन स्त्री गेली ती १९४९ मध्ये: युजिनी अँडरसन, पुन्हा डेन्मार्कलाच. हॅरिमनबाईंना राजदूत केलं की अँडरसनबाईंचं पहिलेपण पुसलं जातं, आणि ती एक पायरी चढायला अमेरिकन स्त्रियांना आणखी सोळा वर्षं लागली हेही दडतं. (विजयालक्ष्मी पंडित १९४७ मध्ये मॉस्कोला गेल्या त्या थेट राजदूत म्हणून, म्हणजे अँडरसनबाईंच्या दोन वर्षं आधी. ही तुलनाही शब्द नेमका ठेवला तरच करता येते.) ओस्लोच्या वकिलातीचा दर्जा वाढून तिथे अँबॅसडरचं पद आलं ते १९४२ मध्ये. तेव्हा नॉर्वेचं सरकार लंडनमध्ये परागंदा होतं आणि हॅरिमनबाई मायदेशी परतल्या होत्या.

हुद्दा खालचा होता म्हणून काम हलकं होतं असं नाही. ९ एप्रिल १९४०च्या पहाटे ब्रिटिश वकिलातीतून त्यांना फोन आला की जर्मन युद्धनौका ओस्लोच्या खाडीत शिरल्या आहेत, आमच्या वकिलातीचं काम तुम्ही सांभाळा. नॉर्वेवर हल्ला झाल्याची खबर वॉशिंग्टनला प्रथम पोचवली ती त्यांनी. त्याच सकाळी राजे सातवे हाकोन आणि त्यांचं सरकार ओस्लो सोडून हामारकडे निघालं. वकील राजाच्या नावे नेमलेला असतो, शहराच्या नावे नाही. म्हणून सत्तरीला टेकलेल्या हॅरिमनबाई मोटारीनं राजाच्या मागोमाग निघाल्या, बर्फातून, डोक्यावर विमानं असताना. अमेरिकन माणसांना स्वीडनच्या हद्दीत सुखरूप पोचवायच्या या धडपडीतच त्यांचे सैनिकी सहायक कॅप्टन रॉबर्ट लोझी २१ एप्रिलला डोम्बोसच्या बाँबहल्ल्यात गेले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या हल्ल्यात मेलेले ते पहिले अमेरिकन सैनिक मानले जातात. ऑगस्टमध्ये फिनलंडच्या पेत्सामो बंदरातून निघालेल्या ‘अमेरिकन लिजन’ जहाजावर नॉर्वेच्या युवराज्ञी मार्था आणि त्यांच्या तीन मुलांबरोबर हॅरिमनबाईही होत्या. हे सगळं वाचताना माझ्या मनात ‘वकील’ हाच शब्द येत राहतो. धन्याचं काम अंगावर घेऊन परमुलखात उभं राहिलेलं माणूस.

पण ताईंची अडचण मला दिसते आहे. ‘हॅरिमनबाई नॉर्वेत वकील होत्या’ असं आज लिहिलं तर वाचक त्यांना ओस्लोच्या कोर्टात उभं करणार. म्हणून तोडगा असा: माणसाला वकील न म्हणता कचेरीवरून हुद्दा सांगावा. ‘नॉर्वेतल्या अमेरिकन वकिलातीच्या प्रमुख’. यात कुठलाही गैरसमज नाही. आणि एक सूचना, सगळ्याच अनुवादकांना. मराठीत दूतावास आणि वकिलात हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं उधळतो. जुन्या काळाबद्दल लिहिताना अँबॅसडरची कचेरी ती दूतावास आणि मिनिस्टरची ती वकिलात, असा भेद पाळला तर एम्बसी आणि लिगेशन हा फरक एकही परका शब्द न घेता मराठीत उतरतो.

आता सोशलाइट. ‘समाजात वावरणाऱ्या’ यातून काहीच कळत नाही, समाजात आपण सगळेच वावरतो. काही ठिकाणी मी सोशलाइटचं ‘समाजसेविका’ झालेलंही पाहिलं आहे. ती तर उघड चूक. हॅरिमनबाईंच्या बाबतीत ती अधिकच घातक, कारण त्यांच्या आयुष्याची गोष्टच एकीकडून दुसरीकडे जाण्याची आहे. सुरुवातीलाच समाजसेविका केलं तर प्रवास उरतच नाही. ‘उच्चभ्रू’ शब्दात नाक मुरडणं आहे. ‘घरंदाज’ जवळ येतो, पण घरंदाज बाई म्हटलं की आपल्याला पदर सावरून घरात राहणारी बाई दिसते, मेजवान्या देणारी नाही.

१८७० साली न्यूयॉर्कला जन्म, १८८९ मध्ये जे. बॉर्डन हॅरिमन या बँकवाल्याशी लग्न, माउंट किस्कोला मोठी वाडी. पाहुणे, नाच, घोडे. पुढे वॉशिंग्टनला राहायला गेल्यावर रविवार रात्रीची त्यांच्या घरची जेवणं राजकारण्यांमध्ये प्रसिद्ध होती. एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं तिथे एका टेबलावर बसत. हे सगळं ज्या एका मराठी शब्दात मावतं तो म्हणजे यजमानीण. जेवायला कुणाला बोलवायचं, कुणाला कुणाशेजारी बसवायचं, बोलणं कुठे वळवायचं हे जिच्या हातात ती यजमानीण. ‘न्यूयॉर्कच्या धनिक वर्तुळातली नामवंत यजमानीण’ असं लिहा. यात कौतुक आहे, हिणवणं नाही. वर त्यांच्या पुढच्या कामाचं बीजही त्यात आहे. ज्या बाईला तीस वर्षं पाहुण्यांची पंगत सांभाळता आली तिला परक्या दरबारात बसणं अवघड गेलं नसावं.

समाजसुधारक या शब्दाला हात लावू नका. फक्त मराठीत तो शब्द जोतीराव आणि आगरकरांमुळे फार वजनदार झाला आहे, तेव्हा वाचकाला लगोलग कामं सांगा. न्यूयॉर्कच्या मुलांना निर्भेळ दूध मिळावं म्हणून खटपट, बालमजुरीविरुद्ध मोहीम, बेडफर्डच्या स्त्रियांच्या सुधारगृहाच्या व्यवस्थापनात बरीच वर्षं काम. १९१३ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी उद्योगसंबंधांवर नेमलेल्या आयोगाच्या नऊ सदस्यांत त्या एकट्या स्त्री. त्याआधी, १९०३ मध्ये, स्त्रियांसाठी कॉलनी क्लब काढण्यात त्या पुढे होत्या, कारण त्या काळी न्यूयॉर्कमध्ये पुरुष सोबत नसलेल्या बाईनं हॉटेलात उतरणं प्रतिष्ठेला धरून नव्हतं.

मताधिकारवादी चालेल, पण मला तो कोरडा वाटतो. मराठीत मत म्हणजे विचारही आणि व्होटही, त्यामुळे नवख्या वाचकाला ‘मताधिकार’ क्षणभर विचारस्वातंत्र्यच वाटतं. ‘स्त्रियांच्या मतदानहक्कासाठी लढलेल्या’ हे स्वच्छ. फक्त मूळ इंग्रजीत ‘सफ्रजिस्ट’ आहे ना, हे तपासा. ‘सफ्रजेट’ हा शब्द १९०६ मध्ये लंडनच्या डेली मेलनं तिथल्या आक्रमक आंदोलक स्त्रियांना खिजवायला काढला, कवीला कवडा म्हणावं तसा. त्या स्त्रियांनी तो बाणेदारपणे स्वतःचाच करून टाकला. अमेरिकेतल्या बहुतेक जणी मात्र स्वतःला सफ्रजिस्टच म्हणवत. फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या एका मोर्चाच्या अग्रभागी चाललेल्या हॅरिमनबाई त्यांच्यातल्या. न्यूयॉर्क राज्यात स्त्रियांना हा हक्क १९१७ मध्ये मिळाला, साऱ्या देशात १९२० मध्ये. (आपल्याकडे मुंबई विधिमंडळानं स्त्रियांना तो १९२१ मध्ये दिला, पण मालमत्तेची अट ठेवून.)

मूळ मजकुरात शेवटी ‘डिप्लोमॅट’ही असेल, त्याला ‘राजनयिक’ लिहायचा मोह होईल. तो हिंदीतून आलेला शब्द आहे आणि मराठी कानाला अजून परका आहे. ‘मुत्सद्दी’ आपला, पण तो पेशा सांगत नाही, अंगचा गुण सांगतो. हॅरिमनबाईंना तो शोभतो का, हे लेखाच्या शेवटी तुमचं तुम्ही ठरवा आणि शोभतो असं वाटलं तर तिथे वापरा. ओळखीच्या ओळीत हुद्दाच पुरे.

तर ती ओळ मी अशी लिहीन: ‘न्यूयॉर्कच्या धनिक वर्तुळातली नामवंत यजमानीण, पुढे स्त्रियांच्या मतदानहक्कासाठी रस्त्यावर उतरलेली, समाजसुधारणेला वाहून घेतलेली, आणि १९३७ पासून नॉर्वेतल्या अमेरिकन वकिलातीची प्रमुख’. एकेरी लिहायचं नसेल तर सगळी रूपं आदरार्थी करा. मी तसंच करीन. १९६३ मध्ये, त्या ब्याण्णव वर्षांच्या असताना, अध्यक्ष केनेडींनी त्यांचा गौरव केला होता. वयाचा आणि कामाचाही मान मराठीत क्रियापदातूनच दिसतो.