थरच्या वाळवंटात पायी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: आम्ही पतीपत्नी पन्नाशी ओलांडलेले असून गेली वीस वर्षे सह्याद्रीतले किल्ले आणि घाटवाटा हिंडत आहोत. येत्या फेब्रुवारीत जैसलमेरला जाण्याचे ठरते आहे. ज्यांना विचारावे ते एकच सांगतात, उंटावर बसा, सूर्यास्त पाहा आणि परत या. चार दिवस पायी हिंडावे एवढे तिथे खरोखर काही आहे का? आणि असल्यास कोणती काळजी घ्यावी?
– एक वाचक दांपत्य, नाशिक

उत्तर: आहे, आणि चार दिवस अपुरे वाटतील इतके आहे. मात्र वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागेल. थरच्या वाळवंटात उघड्या, झाडोरा नसलेल्या वाळूचा भाग थोडाच आहे. बाकीच्या भागात झाडोऱ्याने धरून ठेवलेली वाळू, खडकाळ माळ, मुरमाड पठारे, खारट खोलगट जमीन आणि गवताची कुरणे आहेत, आणि या प्रत्येक जमिनीची वनस्पती वेगळी आहे. जैसलमेरजवळच्या सम या गावाच्या टेकड्यांवर संध्याकाळी जीपगाड्यांची आणि उंटांची जी दाटी होते, तिथे पावलांनी तुडवलेल्या वाळूपलीकडे फारसे काही उरलेले नसते. माझे मत विचाराल तर तुम्ही समला न थांबता नैर्ऋत्येकडच्या खुडी गावाच्या बाजूला जावे आणि गावातला एखादा गुराखी वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावा.

त्याआधी एक दिवस जोधपूरला अवश्य काढावा. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क नावाचे सुमारे 70 हेक्टरांचे उद्यान आहे. इथला खडक सुमारे 75 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून बनलेला आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाहून कितीतरी जुना. या खडकात वेड्या बाभळीने मुळे रोवली होती आणि दुसरे काही उगवू दिले नव्हते. वृक्षांचे अभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली 2006 मध्ये ती मुळे काढण्यास सुरुवात झाली. दगड फोडण्यात हयात गेलेल्या खाणकामगारांनी खडकाचा आवाज ऐकून छिन्नी कुठे मारायची हे ठरवले, एकेक मूळ उपटले आणि त्या खळग्यांत वाळवंटातलीच झाडे लावली गेली. 2011 पासून हे उद्यान सर्वांसाठी खुले आहे. इथे झाडांची नावे आणि चेहरे एकदा डोळ्यांत बसले की पुढे जैसलमेरच्या माळावर तुम्हाला परके वाटणार नाही.

तुम्ही निवडलेला महिना उत्तम आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दिवस सुसह्य असतात, रात्री मात्र चांगल्याच गार होतात, कारण कोरड्या आणि निरभ्र हवेत जमिनीची ऊब धरून ठेवणारे काही नसते. याच सुमारास रोहिडा फुलतो. त्याची घंटेसारखी फुले कुठे पिवळी, कुठे नारिंगी, कुठे लाल असतात, आणि करड्या माळावर असे एकच झाड फुललेले दिसले तर ते कोसभरावरून ओळखू येते. फोगाचे झुडूप मात्र असे दुरून दिसत नाही, त्याच्यापाशी बसावेच लागते. प्रथमदर्शनी ते वाळक्या काटक्यांचा भारा वाटते. जवळ गेल्यावर कळते की काटक्या हिरव्या आहेत, पाने जेमतेम असून लवकर गळतात आणि पानांचे काम फांद्याच करतात. उडती वाळू त्याच्या बुंध्याशी अडते, झुडूप त्या वाळूतून पुन्हा डोके वर काढते आणि हळूहळू स्वतःखाली एक उंचवटा तयार करते. फोगाच्या कळ्या सुकवून दह्यात कालवतात, त्याला तिथे फोगला म्हणतात. एका पहाटे अशाच एका झुडपाशी मी तासभर बसलो होतो. वाळूवर उंदरांच्या पावलांची बारीक टाक्यांसारखी ओळ एका बिळातून निघून दुसऱ्यात शिरली होती, भुंग्याने सरकत्या वाळूवर दोन समांतर शिवणी घातल्या होत्या, आणि त्या दोन्ही ओलांडून खोकडाची पावले सरळ रेषेत निघून गेली होती. ऊन वर आले, वारा सुटला आणि अर्ध्या तासात सारे पुसले गेले. म्हणून पहाटे निघावे, असे मी आग्रहाने सांगेन.

वाळूवरचे चालणे घाटवाटेसारखे नाही. टेकडीची वाऱ्याकडची बाजू कमी उताराची आणि घट्ट असते, पलीकडची बाजू सुमारे 30 ते 34 अंशांच्या कोनात ढळते आणि तिथे पाऊल पोटरीपर्यंत रुतते. त्यामुळे घट्ट बाजूने चढावे आणि धारेवरून चालावे. सह्याद्रीत तासाला तीन-चार किलोमीटर चालणाऱ्याने इथे दोन धरून बेत आखावा. पाणी दर माणशी दिवसाला चार ते पाच लिटर बरोबर हवेच. किल्ल्यावर जसे टाके सापडेल या भरवशावर आपण निघतो, तसे इथे करू नये. मारवाडातही पावसाचे पाणी साठवणाऱ्या भूमिगत हौदाला टांका म्हणतात, पण तो कुणाच्या तरी घरचा वर्षभराचा साठा असतो. जैसलमेरला वर्षभरात सरासरी 200 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. तेवढा महाबळेश्वरला जुलैच्या तीन-चार दिवसांत पडतो. विचारल्याशिवाय त्यातले पाणी घेऊ नये.

पायांचा सगळ्यांत मोठा शत्रू ऊन नसून भुरट आहे. या गवताची कुसळे मोज्यांत, नाडीत, शर्टाच्या बाहीत शिरतात आणि ओढून काढू जाता बोटांत रुततात. लोकरी किंवा जाळीदार मोजे टाळावेत आणि एक लहान चिमटा खिशात ठेवावा. याच भुरटाचे दाणे दुष्काळात लोकांनी दळून खाल्ले आहेत, तेव्हा त्याच्यावर राग धरू नये. अंधारात विजेरीशिवाय चालू नये, कारण कोकणात आपल्याला ठाऊक असलेले फुरसे इथेही आहे. पाकिस्तानच्या सीमेलगतच्या भागात आणि राष्ट्रीय मरू उद्यानाच्या राखीव कुरणांत शिरण्यासाठी परवानगी लागते, ती आधीच काढावी.

परतीच्या दिवशी जैसलमेरपासून 17 किलोमीटरवरचे आकल पाहून या. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची दगड झालेली खोडे तिथे उघड्या माळावर पडलेली आहेत. सालीच्या रेषा आणि गाठी अजूनही ओळखू येतात. पाचोळाही दुर्मीळ असलेल्या त्या जागी कधी काळी दाट, ओलसर जंगल होते.

प्रश्न: राजस्थानात प्रवास करताना शेताशेतांत बुंधे छाटलेली, वाळल्यासारखी झाडे दिसली. गाडीवानाने ती खेजडी असल्याचे सांगितले. खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमीच, असे वाचले होते. मग राज्यवृक्षाची अशी कत्तल का होते?
– एक वाचिका, सोलापूर

उत्तर: खेजडी आणि शमी एकच, आणि आपल्याकडे कोरड्या भागांत तिलाच सौंदड असेही म्हणतात. अज्ञातवासात जाताना पांडवांनी शस्त्रे जिच्यावर लपवली ती हीच. तुम्ही पाहिलेली झाडे मात्र मेलेली नाहीत. हिवाळ्यात शेतकरी खेजडीच्या फांद्या छाटून पाला काढतात, त्याला लूंग म्हणतात, आणि हिरवा चारा नसलेल्या दिवसांत शेळ्यामेंढ्या, उंट आणि गाई त्यावर जगतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी, बाकी सारे करपत असताना, खेजडी पुन्हा पालवते. मग तिला कोवळ्या शेंगा येतात, त्या सांगरी. शेतात ती राखली जाते याचे कारण तिच्या सावलीतली बाजरी खुरटत नाही, उलट जोमदार होते. तिच्या मुळांमुळे जमिनीला नत्र मिळते, आणि ही मुळे इतकी खोल जातात की पिकाच्या वाट्याचा वरचा ओलावा ती ओढून घेत नाहीत.

छाटणी आणि तोडणी यांतला फरक तिथला माणूस फार गंभीरपणे पाळतो. 1730 साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसे चुनाभट्टीसाठी लाकूड तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागोमाग एकूण 363 बिष्णोई स्त्रीपुरुषांनी झाडांना मिठ्या मारून प्राण दिले. त्या गावी जाणे झाले तर स्मारकाबरोबर तिथली खेजडीची झाडेही थांबून पाहावीत.

घराजवळ शमी ओळखायची असेल तर काटे पाहावेत. शमीचे काटे गुलाबासारखे आखूड आणि फांदीवर विखुरलेले असतात. वेड्या बाभळीचे लांब, सरळ आणि पानाच्या बुडाशी जोडीने येतात. पूजेसाठी फांदी तोडताना अनेकदा भलत्याच झाडाची तोडली जाते.

प्रश्न: आमच्या निवृत्तांच्या मंडळाने वाळवंट हिरवे करण्यासाठी वृक्षलागवडीला देणगी द्यायचे ठरवले आहे. कोणती झाडे सुचवाल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: तुमचा हेतू मनापासूनचा आहे हे जाणूनही मी सांगेन की कुरणात झाडे लावू नयेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मारवाडात वेडी बाभूळ याच सदिच्छेने अमेरिका खंडातून आणून पसरवली गेली. तिकडच्या बोलीत तिला बावळिया म्हणतात. आपण वेडी म्हणतो तेही तसेच, दोन भाषांनी तिची एकच ओळख पटवली आहे. ती गवत मारते आणि एकदा रुजली की हटत नाही.

थरची खरी संपत्ती सेवण गवत आहे. त्याचे ठोंब वर्षानुवर्षे टिकतात, मुळांनी वाळू धरून ठेवतात, आणि थारपारकर गाईचे दूध त्याच चाऱ्यावर उभे आहे. कालव्याचे पाणी आले तशी ही कुरणे नांगरली गेली. आणखी काही ‘पडीक’ म्हणून नोंदली जाऊन विजेच्या तारांखाली गेली. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणारा माळढोक, तिथला गोडावण, उंच झाडांच्या दाटीत राहू शकत नाही आणि उडताना विजेच्या तारांवर आदळून मरतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून तो जवळजवळ नाहीसा झाल्याचे दुःख आपल्याला आहेच. जगातल्या उरलेल्या सुमारे दीडशेतले बहुतेक पक्षी आज जैसलमेरच्या परिसरात आहेत, ते याच गवतामुळे.

मंडळाला काही करायचेच असेल तर ओरणे पाहण्यासाठी एक सहल काढावी. ओरण म्हणजे आपली देवराई. गावाने देवाच्या नावे राखलेले कुरण, जिथे गुरे चरतात पण कुऱ्हाड चालत नाही. जैसलमेर जिल्ह्यातले देगराय मातेचे ओरण मोठे आहे. तिथे गुराख्यांबरोबर दिवसभर चाला, त्यांच्या वाटाड्याच्या कामाचे योग्य पैसे द्या, आणि ओरणाची जमीन महसुलाच्या नोंदीत ओरण म्हणूनच लागावी यासाठी गावकरी जे अर्ज करत आहेत, त्यांना कागदपत्रांत मदत करता येईल का, हे विचारा. तुमच्यात महसूल खात्यातून निवृत्त झालेले कोणी असतील, तर त्यांचा एक दिवस हजार रोपांहून अधिक उपयोगी पडेल.