दहा मेंढ्यांची लोकर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : सांगोला तालुक्यात आमची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. तेल्या रोगामुळे डाळिंबाची बाग काढून टाकावी लागली. आता दहा मेंढ्या घ्याव्यात आणि आई व पत्नी यांनी घरीच लोकरीच्या वस्तू, जमल्यास स्वेटरही, तयार करावेत असा विचार आहे. शेजारी माडग्याळ जातीच्या मेंढ्या घेण्याचा सल्ला देतात. आपले मत काय?

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांचा सल्ला मांसासाठी मेंढ्या पाळणाऱ्याला योग्य आहे, आपला हेतू वेगळा आहे. जत तालुक्यातील माडग्याळच्या परिसरातली ही जात उंच, बाकदार नाकाची आणि झपाट्याने वजन धरणारी असली, तरी तिच्या अंगावर बहुतेक केसच असतात आणि कातण्याजोगी लोकर जवळजवळ नसते. कळपात माडग्याळचा एडका सोडला की दोन-तीन पिढ्यांत दख्खनी, म्हणजे आपल्याकडच्या लोकरीच्या जातीच्या, मेंढीची लोकरही विरळ होत जाते. म्हणून आपण दख्खनी मेंढ्याच घ्याव्यात, आणि त्या बाजारात घाईने न घेता धनगराच्या वाड्यावर जाऊन घ्याव्यात. प्रत्येक मेंढीच्या खांद्यावरची, बरगडीवरची आणि मांडीवरची लोकर बोटांनी फाकून पाहावी. मांडीवरची लोकर नेहमीच जास्त भरड असते. तीसुद्धा केसांसारखी ताठ आणि चकचकीत नसेल, तर ती मेंढी आपल्या कामाची.

आता हिशेब करू. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा सरल्यावर, कातरली जाते आणि एका कातरणीत साधारण अर्धा किलो लोकर देते. दहा मेंढ्यांची वर्षाची लोकर दहा किलोंच्या आसपास भरेल. त्यातून माती, लेंड्यांनी माखलेले झुपके, पोटाखालची व पायांची आखूड लोकर बाजूला काढली आणि धुण्यातली घट धरली, तर हाती सात-आठ किलो उरतात. एका घोंगडीला अडीच-तीन किलो लोकर लागते असे धरले, तर वर्षाच्या दोन किंवा फार तर तीन घोंगड्या होतील. कच्ची लोकर विकायला गेल्यास पुष्कळदा कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही. उत्पन्न येईल ते कोकरांपासून आणि खतापासून. लोकर हा त्यावरचा जोड आहे आणि तो आपण स्वतः हाताने वाढवला तरच वाढतो.

स्वेटरचा विचार मात्र सोडून द्यावा. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू साधारण 17 ते 24 मायक्रॉन जाडीचा असतो. दख्खनी लोकरीचा तंतू त्याच्या दुपटीइतका जाड असू शकतो, आणि अनेक तंतूंच्या आत पोकळ गाभा असतो, त्यामुळे ती अंगाला टोचते. हाच भरडपणा आसन, सतरंजी, घोंगडी आणि जेन (लोकर न विणता लाटून केलेले जाड अंथरूण) यांना टिकाऊ बनवतो. मऊ वस्तू हवीच असेल, तर कोकरांची पहिली कातरणी, म्हणजे जावळ, वेगळी ठेवावी. जावळाच्या घोंगडीला गिऱ्हाईक अजूनही मुद्दाम विचारत येते. जावळ थोडेच निघते, म्हणून ते दोन-तीन वर्षे साठवून एकच घोंगडी विणण्याची तयारी ठेवावी.

एक सूचना मेंढ्यांच्या तब्येतीसाठी. गाई-म्हशींचे किंवा कोंबड्यांचे खनिज मिश्रण मेंढ्यांना कधीही देऊ नये. त्यात तांबे जास्त असते, ते मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि वरकरणी धडधाकट दिसणारी मेंढी अचानक दगावते. मेंढ्यांसाठीचे मिश्रण वेगळे मिळते.

प्रश्न : मी फलटणजवळ राहते. घरच्या मेंढ्यांची लोकर गरम पाण्यात साबण घालून खळखळून धुतली, तर तिचा गोळा झाला आणि तो पिंजताही येईना. चूक कोठे झाली?

उत्तर : चूक गरम पाण्याची एकट्याची नाही, गरम पाणी, साबण आणि चोळणे हे तिघे एकत्र आले. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. उष्णतेने आणि साबणाने ते उघडतात, चोळल्यावर एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. जेन तयार करणारे कारागीर हेच मुद्दाम करतात : पिंजलेली लोकर चटईवर पसरतात, साबणाचे पाणी शिंपडतात आणि गुंडाळी करून बराच वेळ लाटतात. आपण नकळत जेन तयार केलीत. मीही पहिल्या वर्षी दीड किलो जावळ नळाच्या धारेखाली धरून असेच वाया घालवले होते. त्या गोळ्याचे तुकडे पुढे बरीच वर्षे चुलीवरची भांडी उतरवायला वापरले.

पुढच्या वेळी धुण्याची सुरुवात मेंढीच्या अंगावरच करावी. कातरण्याआधी मेंढ्या ओढ्यात किंवा नदीत धुण्याची जुनी पद्धत अगदी बरोबर आहे. धुतल्यावर दोन-तीन दिवस कोरड्या जागी ठेवून मग कातरावे. कातरलेली लोकर एक रात्र थंड पाण्यात बुडवून ठेवावी. घामाचे क्षार थंड पाण्यातही विरघळतात आणि माती तळाशी बसते. मग हात जेमतेम सोसेल इतक्या गरम पाण्यात रिठ्याचा फेस करून लोकर वरून हलकेच दाबावी आणि अर्धा तास तशीच राहू द्यावी. ढवळू नये, पिळू नये. खळबळण्याचे पाणी तितकेच गरम असावे, कारण गरमातून एकदम गारात गेल्यानेही लोकर आटते. धुण्याचा सोडा अजिबात वापरू नये, त्याने तंतू कमजोर होतो. शेवटी फडक्यात गुंडाळून पाणी निथळावे आणि सावलीत पसरावे.

पावसाळ्यानंतरच्या कातरणीला उशीर करू नये. कुसळी गवत पिकले की त्याची कुसळे लोकरीत घुसतात आणि ती धुतल्याने निघत नाहीत. ती एकेक करून वेचावी लागतात आणि पिंजताना बोटांत शिरतात.

प्रश्न : चरख्यावर कातताना सूत सारखे तुटते. पेळू (पिंजलेल्या लोकरीच्या वळ्या) नीट केलेले असतात. हाताचा दोष असेल का?

उत्तर : हाताला दोष देण्याआधी लोकर तपासावी. न धुतलेल्या लोकरीची पेन्सिलीएवढी एक बट घ्यावी, दोन्ही टोके चिमटीत घट्ट धरावीत आणि कानाजवळ नेऊन झटका द्यावा. निकोप बट तारेसारखी टण् वाजते. करकर असा आवाज येऊन बट मध्येच तुटली, तर लोकर वाढत असताना त्या मेंढीवर काहीतरी संकट आले होते : मोठा ताप, जंतांचा भार, किंवा मे महिन्यातली उपासमार. त्या आठवड्यांत वाढलेला तंतूचा भाग बारीक राहतो आणि सर्व तंतू त्याच उंचीवर तुटतात. अशी लोकर कातण्यात वेळ न घालवता जेनसाठी ठेवावी. पुढच्या वर्षासाठी पावसाळ्याआधी आणि नंतर जंतनाशक, पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस आणि उन्हाळ्यात थोडी पेंड एवढे सांभाळावे.

बट चांगली वाजली, तर लोकर फार कोरडी झाली असावी. पिंजण्याआधी तळहाताला थेंबभर गोडेतेल लावून लोकरीवरून फिरवावे. ताण्याच्या सुताला बाण्याच्या सुतापेक्षा जास्त पीळ द्यावा आणि माग लावण्यापूर्वी ताण्यावर कुंच्याने चिंचोक्याची खळ चढवावी. नाहीतर सूत चरख्यावर टिकते आणि मागावर तुटते.

प्रश्न : काळी लोकर घरी रंगवता येईल का?

उत्तर : येणार नाही, आणि काळ्या दख्खनी लोकरीला रंगाची गरजही नाही. कळपात पांढऱ्या किंवा करड्या मेंढ्या असतील, तर त्यांच्या लोकरीवर प्रयोग करावा. शंभर ग्रॅम कोरड्या लोकरीला दहा ग्रॅम तुरटी घेऊन तिच्या पाण्यात लोकर मंद आचेवर तासभर मुरवावी आणि नंतर डाळिंबाच्या सालीच्या काढ्यात ठेवावी. पिवळसर रंग येतो. तोच काढा लोखंडी कढईत केला, तर काळपट हिरवा. हळदीचा रंग उन्हात उडतो, त्यामुळे विक्रीच्या वस्तूला ती वापरू नये.

प्रश्न : पुण्यात आमच्याकडे आजोबांची घोंगडी आहे. तिला कसर लागली आहे. कडुनिंबाचा पाला घालून ठेवला तरी भोके वाढतच आहेत.

उत्तर : कडुनिंबाच्या वासाने कसरीचा पतंग कदाचित दूर राहील, पण आधीच घोंगडीत असलेल्या अळ्या त्याने मरत नाहीत, आणि लोकर खातात त्या अळ्याच. घोंगडी कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावी, काठीने झटकावी आणि घड्यांच्या रेषांवर ब्रश फिरवावा, कारण अंडी तेथेच असतात. त्यानंतर हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नये, नाहीतर घोंगडीत दमटपणा धरतो. घामाचे आणि अन्नाचे डाग राहिलेल्या जागीच अळ्या आधी लागतात, तेव्हा ते डाग रिठ्याच्या पाण्याने पुसून घ्यावेत. पेटीत ठेवलीच, तर दर दोन महिन्यांनी काढून घडी बदलावी. त्यापेक्षा ती रोज अंथरली तर कसर लागण्याची शक्यता फार कमी.