कासारवडवलीचा १० बाय १७ चा हॉल: टीव्ही कुठे, सोफा कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात कासारवडवलीला टू बीएचकेचा ताबा मिळालाय, हॉल १० बाय १७ फूट, पश्चिमेच्या आखूड बाजूला बाल्कनीचं सरकतं दार आणि बिल्डरने टीव्हीचा पॉइंट बरोबर त्याच्या समोरच्या भिंतीवर दिलाय. सोबत आई-वडील राहणार. ६५ इंची टीव्ही आणि एल आकाराचा सोफा घ्यायचा बेत आहे. तुम्ही टाकलेला नकाशा नीट पाहिला. त्या पॉइंटवर टीव्ही लावू नका, एवढं आधीच सांगतो.

पॉइंट आहे म्हणून टीव्ही तिथे, आणि टीव्ही तिथे म्हणून सोफा इथे, हा हिशेब घोडबंदर रोडच्या बऱ्याच नव्या घरांत दिसतो. तुमच्याकडे त्यामुळे सोफा हॉलच्या मधोमध, बाल्कनीकडे पाठ करून येईल. बाल्कनीत कपडे वाळत घालायला जाणारा माणूस रोज त्याला वळसा घालणार. शिवाय पश्चिमेचं ऊन दुपारनंतर थेट पडद्यावर येणार, म्हणजे संध्याकाळच्या बातम्या बघताना आई-बाबांना टीव्हीत बाल्कनीच दिसेल.

त्याऐवजी लांब भिंतींचा विचार करा. शेजाऱ्यांकडची भिंत सलग आहे, सोफा तिला लावा. समोरच्या भिंतीत बेडरूमकडे जाणारा पॅसेज आहे, पण पॅसेज आणि बाल्कनी यांच्यामध्ये साधारण ८ फुटांची भिंत उरते. ५५ इंची टीव्हीची रुंदी जेमतेम ४ फूट असते, तो तिथे आरामात बसतो. उजेड बाजूने येईल, डोळ्यांवरही नाही आणि पडद्यावरही नाही. जेवणाचं टेबल स्वयंपाकघराच्या टोकाला राहील.

आता अंतर. १० फुटांतून सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यामागचे सुमारे २ फूट वजा करा, भिंतीवरच्या टीव्हीचे ३-४ इंच वजा करा, हातात साडेसात-पावणेआठ फूट राहतात. टीव्हीचा कर्ण गुणिले १.६ हे आरामात बघायचं अंतर, आणि सिनेमा थिएटरसारखा मोठा दिसायला हवा असेल तर गुणिले १.२. ५५ इंचाला हे अंतर सुमारे साडेपाच ते सव्वासात फूट येतं, ६५ इंचाला साडेसहा ते पावणेनऊ. म्हणजे ६५ नीट बसतो आणि ५५ ला अंतर किंचित जास्त पडतं, पण तोही चालतो. तुम्ही दोघं फोरके सिनेमेच जास्त बघत असाल तर ६५ घ्या. पण दिवसभर केबलवरच्या मालिका आणि बातम्या चालणार असतील तर माझं मत ५५ ला, कारण साधं प्रक्षेपण मोठ्या पडद्यावर जवळून फार भुरकट दिसतं.

उंचीत लोक हमखास गडबड करतात. टीव्ही देव्हाऱ्यासारखा वर नको. बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण ४०-४२ इंचांवर येतात, पडद्याचा मध्य त्याच्या आसपास ठेवा. मान वर करून दोन तास बसणं वडीलधाऱ्यांना जड जातं.

वायरिंगचं काम मात्र जपून करा. तुमचा टॉवर अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यातला, ज्याला सगळे मायवान म्हणतात तसा असेल, तर भिंती काँक्रीटच्या आणि इमारतीचा भार पेलणाऱ्या असतात. त्यांत खाचा पाडायच्या नाहीत. स्कर्टिंगच्या वरून वायर झाकणारी पांढरी केसिंग पट्टी फिरवून पॉइंट नव्या भिंतीवर आणा. टीव्ही युनिटच्या मागे ती दिसतही नाही.

एल सोफ्याचा हट्ट सोडा, असं मनापासून सांगेन. त्याचा लांब पाय १० फुटी हॉलमध्ये एकतर बाल्कनीचा रस्ता अडवतो किंवा पॅसेजचा. तीन जणांचा सरळ सोफा आणि हातांच्या दोन सुट्या खुर्च्या घ्या. आई-बाबांसाठी खुर्चीची बैठक १७-१८ इंच उंच आणि जरा कडक हवी, हातांवर जोर देऊन उठता आलं पाहिजे. हळदीकुंकवाला खुर्च्या सरकवल्या की सतरंजी अंथरायला जागा मोकळी. ऑर्डर देण्याआधी सोफा, खुर्च्या, सेंटर टेबल यांच्या मापाची जुनी वर्तमानपत्रं फरशीवर चिकटवा आणि दोन दिवस त्यांच्यामधून वावरा. जिथे कागद पायाखाली येतो तिथे उद्या गुडघा आपटणार. चालायला अडीच फूट तरी सुटले पाहिजेत.

आवाजाचं थोडं. गुळगुळीत फरशी, काच आणि उघड्या भिंती यांत आवाज घुमतो, संवाद कळत नाहीत आणि आपण आवाज वाढवत राहतो. बाल्कनीच्या काचेला जाड पडदा, सोफ्यासमोर जाड गालिचा, एवढ्यानेच फरक कळतो. साउंडबार युनिटच्या कप्प्यात कोंबू नका, पुढच्या कडेला ठेवा. सबवूफर, म्हणजे खर्जाचा वेगळा स्पीकर, कोपऱ्यात ठेवला तर दणका जास्त बसतो, आणि भिंतीपलीकडे आई-बाबांची खोली आहे.

आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळे बाल्कनीलगतच्या भिंतीला ओल येते का ते एक पावसाळा बघा, तोवर तिथे लाकडी कपाट चिकटवू नका. टीव्ही युनिट बनवून घेणार असाल तर प्लायवर आयएस ७१० चा (ओलीत टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का स्वतः बघून घ्या. आणि सोफा ठरवताना लिफ्टच्या दाराची रुंदी आणि आतली उंची मोजून दुकानात न्या.